लॉरीनची पट्टी

ऑगस्ट आला की माझं डोकं फिरतं.

इथे अमेरिकेत, कॅरी गावात, ऑगस्ट म्हणजे शाळेच्या पिवळ्या बसेस पुन्हा रस्त्यावर दिसणं, दुकानांत वह्यांचे ढीग, आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर ‘गणपतीची प्रॅक्टिस कुणाकडे?’ ह्या एका प्रश्नाला ढीगभर उत्तरं. मला मात्र ह्या दिवसांत एक वास येतो. गोडसर, काकवीसारखा, आणि तळाशी जरासा करपलेला. भट्टीत तंबाखूची पानं सुकतात तेव्हा असा वास सुटतो. आता इथे आसपास तंबाखू उरलीय कुठे? ती शेतं जाऊन त्यांच्यावर घरं झाली आणि त्यातल्याच एका घरात मी राहते. तरी ऑगस्टात खिडकी उघडली की नाक आपलं शोधत राहतं. वास येवो न येवो, राग येतोच.

त्यात ह्या रविवारी रेडिओनं भर घातली. सकाळी ब्लूग्रासचा, म्हणजे इकडच्या गावाकडच्या जुन्या गाण्यांचा, एक तास असतो, तो मी पोळ्या लाटता लाटता ऐकते. निवेदक मऊ आवाजात म्हणाला, “आणि आता हॅस्किन ब्रदर्स. रॉय हॅस्किननं आपल्या आईच्या आठवणीत लिहिलेलं गाणं.” मी पिठाच्या हातानंच रेडिओ बंद केला. बटणाला कणीक लागली.

“आई, व्हॉट हॅपन्ड?” मुलगी म्हणाली.

“त्याच्या आईच्या आठवणीत नाही,” मी म्हटलं. “त्याची आई तेव्हा चांगली जिवंत होती. मला टोमॅटो आणून द्यायची.”

“आई, इट्स जस्ट अ साँग.”

जस्ट अ साँग. बरं. मग हे जस्ट अ साँग कुणाचं होतं, ते एकदा मला सांगून टाकू दे.

मी आठवीतून शाळा सुटलेली बाई. इचलकरंजीत वडील मागावर कामाला होते. घरात आजारपण आलं, थोरली म्हणून मी चार दिवस घरी राहिले, ती राहिलेच. पुढे लग्न झालं. ह्यांच्या थोरल्या भावानं कागदपत्रं करून आम्हाला इकडे आणलं आणि ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या एका गिरणीच्या गावात येऊन पडलो. हे मोजे विणणाऱ्या यंत्रांचे मेकॅनिक. वर्षाच्या आत मीही त्याच गिरणीत. विणून आलेला मोजा पुढून उघडा असतो, बोटं बाहेर डोकावतील असा. तो शिवून बंद करायचा. दिवसभर तेवढंच.

मला तेव्हा सगळ्याचीच भीती वाटायची. फोरमनची, फोनची, पोस्टानं आलेल्या कुठल्याही इंग्रजी पाकिटाची. निघताना शेगडीचं बटण बघायचं, दारापर्यंत जायचं, परत येऊन परत बघायचं. आवाजाची मात्र भीती नव्हती. इतर बायका कानात बोळे घालून बसायच्या. मी मागांच्या खडखडाटात वाढलेली, मला तो आवाज माहेरचा वाटला. खडखडाटाच्या खाली एक सूर असतो, मोटारीचा. संथ, न तुटणारा. तो एकदा कानाला सापडला की वरचा सगळा गोंगाट बाजूला सरकतो. लहानपणी मी त्या सुराला धरून गुणगुणायची. इथे येऊन बघते तर शेजारच्या मशीनवरची बाई तेच करत होती. गुणगुणत नव्हती, गात होती. पोटातून, मान वर करून, भरल्या आवाजात गात होती, आणि त्या गदारोळात कुणाला पत्ता नव्हता.

ती लॉरीन. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, उंच, हाडापेरानं रुंद, हातांवर उन्हाचे तांबूस ठिपके. मला नुसतं नाव घेऊन हाक मारणं जमेना, म्हणून मी तिला लॉरीनताई म्हणायला लागले.

“ताई म्हणजे काय गं?”

“मोठी बहीण.”

ती एवढ्यानं हसली की पलीकडच्या ओळीतल्या बायकांनी वळून बघितलं. “चला! हॅस्किन ब्रदर्समध्ये शेवटी एक सिस्टर निघाली!”

त्या हसण्याचं कारण मला पुढे कळलं. हॅस्किन ब्रदर्स हा तिच्या नवऱ्याचा बँड. त्यात ब्रदर एकच, रॉय. दुसरा भाऊ केव्हाच फ्लोरिडाला जाऊन बोटी दुरुस्त करत होता. उरले कोण? रॉय गिटारला, रॉयचा मावसभाऊ क्लाइड बॅन्जोला, एक शेजारी फिडलला, आणि लॉरीन. ती मँडोलिन वाजवायची, गायची, गाणी रचायची, कपडे इस्त्री करायची आणि सगळ्यांना गाडीत घालून जागेवर न्यायची. तरी नाव ब्रदर्स. मी एकदा विचारलं, दुसरा भाऊ नाही तर नाव का नाही बदलत? रॉय म्हणाला, “लोकांना सवय झालीय.” लोकांना सवय झालीय, ह्या वाक्याइतकं सोयीचं वाक्य मी दुसऱ्या कुठल्या भाषेत ऐकलेलं नाही. मराठीतही ते आहेच.

लॉरीननं मला काय दिलं हे सांगायला बसले तर राग बाजूला राहील. पहिल्या थंडीत तिनं स्वतःचा कोट माझ्या अंगावर चढवला, बाह्या आत दुमडून. फोरमन माझ्याशी बोलताना मुद्दाम ओरडायचा, त्याला तिनं सगळ्यांसमोर सुनावलं, “ओरडू नकोस, ती परदेशी आहे, बहिरी नाही. बहिरे आपण झालोय, इथे बसून बसून.” तिनं मला तिच्या पिकअपवर गाडी शिकवली, तंबाखूच्या शेतांमधल्या मातीच्या रस्त्यावर. मी एकाची टपालपेटी पाडली. मला वाटलं, आता पोलीस, आता परत पाठवणी. ती खाली उतरली, पेटी उभी केली, वाकडीच राहिली, म्हणाली, “ह्या पेटीत नाहीतरी बिलंच येतात. चल, गिअर टाक.” आज मी हायवेवर गाडी चालवते ती तिच्यामुळे. माझ्या अंगावर तिचं ऋण आहे आणि ते मी फेडलेलं नाही.

पण ऋण आहे म्हणून राग गिळायचा का? आयुष्यभर मला हेच सांगण्यात आलं. मिळालंय ना, मग गप्प बस. कोट मिळाला, काम मिळालं, देश मिळाला. कृतज्ञ माणसानं कपाळाला आठी घालायची नसते म्हणे. मी कृतज्ञ आहे. आठीही आहे.

रविवारी दुपारी रॉयच्या अंगणात प्रॅक्टिस असायची. आम्ही दोघं जायचो. रॉयची आई आणि मी पायरीवर बसून शेंगा मोडायचो, हे क्लाइडच्या गाडीच्या इंजिनात डोकं घालून उभे. ब्लूग्रास मी तिथेच ऐकलं. तालवाद्य नाही, विजेवरचं वाद्य नाही, सगळा लाकडाचा आणि तारांचा मामला. त्यातून जी घोडदौड सुटायची तिनं पायरीवरची शेंगांची परात थरथरायची. रॉय जुन्या पद्धतीचा. मधोमध एकच माईक. ज्याची पाळी तो पुढे येतो, बाकीचे खांदा वाकडा करून मागे सरतात, पाळी झाली की तो मागे आणि दुसरा पुढे. कुणी कुणाला धडकत नाही. पंगतीत वाढपी कसे एकमेकांना चुकवत फिरतात, तसं. बघत राहावं. मग काही रविवारांनी माझ्या लक्षात आलं की ह्या फिरण्यात लॉरीन मधोमध कधीच येत नाही. ती माईकच्या कडेला येते, रॉयच्या सुरावर आपला वरचा सूर ठेवते, आणि मागे जाते. चटणी वाढून गेल्यासारखी.

एकदा शेंगा मोडता मोडता मी रॉयच्या आईला विचारलं, लॉरीन एकटी का नाही गात? गिरणीत तर गाते.

म्हातारीनं रॉयकडे बघून मोठ्यानं विचारलं, “ही विचारतेय, लॉरीन एकटी का गात नाही?”

रॉय वाईट माणूस नव्हता, हे आधी सांगते. दारू नाही, मारहाण नाही. मला ‘मॅडम’ म्हणायचा. म्हणूनच राग जास्त येतो. वाईट माणसावर रागवून मोकळं होता येतं. तो हसून म्हणाला, “गाते की. पण तिची पट्टी वेगळी. आम्ही वाजवतो त्या सुरात तिचा आवाज जमिनीला घासतो, आणि तिच्या सुरात बॅन्जो बसत नाही.”

हे मला कुणी समजावून सांगायला नको होतं. वडिलांच्या भजनी मंडळात पेटीवाले काका पहिल्यापासून काळी एक धरायचे. तो पुरुषांचा सूर, सगळ्या बाप्यांना सोयीचा. मागे बसलेल्या बायकांनी त्याच पट्टीत गायचं. आई गायला लागली की आवाज खाली उतरताना अर्ध्यात विझायचा, नुसते ओठ हलायचे. लोक म्हणायचे, हिला सूर नाही. तीच बाई घरी भांडी घासताना काळी चारमध्ये असा सूर लावायची की शेजारीण हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहायची. पेटीवर काळी एकपासून काळी चारवर जायला किती कष्ट पडतात? बोटं सरकवायची. तीन काळ्या पट्ट्या उजवीकडे. त्या माणसानं उभ्या जन्मात ती बोटं सरकवली नाहीत.

आणि बॅन्जोला तर बोटंही सरकवायला नकोत. तारांवर घट्ट बसवायची एक चिमटी असते. ती वर चढवली की अख्ख्या वाद्याची पट्टी चढते. फिडलवाल्याचं गाणं आलं की क्लाइड खिशातून चिमटी काढून टचकन बसवायचा, मी दर रविवारी बघत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, “चिमटी आहे ना?”

क्लाइडनं खिशावर हात ठेवला, जणू मी चोर. मग म्हणाला, “एवढ्या वर चढवली की बॅन्जो किरकिरा लागतो, मॅडम.” इंजिनातून डोकं काढून हे माझ्याकडे बघत होते. लॉरीन मँडोलिनची तार पिळत होती, खाली मान घालून. पण तिच्या तोंडाचा एक कोपरा वर गेला होता.

परत जाताना हे गाडीत म्हणाले, “आपल्याला काय करायचंय? त्यांचं गाणं, त्यांचा बँड. आपण इथं पाहुणे आहोत.”

“मी काय वाईट बोलले?”

“वाईट नाही गं. पण बोललीस.”

किरकिरा! ब्लूग्रासमधले पुरुष गळा आवळून आवळून वर चढतात, शिरा फुगतात, तोंड लाल होतं, आणि त्या चढण्याचंच कौतुक. काळजाला घरं पाडणारा आवाज म्हणतात. बाईचा आवाज तिथे आपोआप असतो, न चढता, घरात असल्यासारखा. तर तो किरकिरा.

त्या उन्हाळ्यात लॉरीननं ते गाणं केलं. मशीनवर केलं. कामाला हात, वर ओठ. पहिल्यांदा नुसती चाल होती, मग एकेक ओळ यायला लागली. तिची आई त्याच गिरणीत, त्याच ओळीत होती. ती गेल्यावर तिचा कामाचा एप्रन घराच्या मागच्या दाराआड खुंटीला तसाच राहिला. कुणी काढला नाही. वारा आला की हलायचा. गाणं एवढंच. सुताच्या धुळीनं पांढरा झालेला एक एप्रन आणि दारातून येणारा वारा. मला सगळे शब्द कळायचे नाहीत. तिसऱ्या ओळीत चाल वर जाऊन क्षणभर थांबायची, तिथे मात्र दर वेळी माझी सुई चुकायची. इतक्या गोंगाटात ते गाणं रोज ऐकणारी मी एकटी. विचार करा, काय न्याय आहे! जिथे काही ऐकू येत नव्हतं तिथे ती स्वतःच्या पट्टीत गात होती, आणि जिथे माणसं ऐकायला खुर्च्या टाकून बसायची तिथे नवऱ्याच्या.

ऑगस्टच्या शेवटी गावच्या शाळेच्या मैदानावर वादकांचा मेळा भरायचा. बँडांची चढाओढ, बक्षिसं, खाणंपिणं. त्या वर्षी शार्लटहून एक रेकॉर्ड काढणारा माणूस यायचा होता. रॉयनं लॉरीनचं गाणं स्वयंपाकघरात कधीतरी ऐकलं, त्याला आवडलं. खरंच आवडलं. तो म्हणाला, मेळ्यात हे घेऊ. मी गातो, तू वरून साथ कर.

जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या मागे पायरीवर बसून लॉरीननं मला हे सांगितलं. भट्ट्यांचा वास नुकता सुरू झाला होता. तिनं सँडविच उघडलं, परत गुंडाळलं.

“त्याच्या गळ्यात ते गाणं म्हणजे रॉयनं माझ्या आईचा एप्रन बांधल्यासारखं वाटतं गं, सू.” मला ती सू म्हणायची, सुलभा तिला पेलायचं नाही.

मला रॉय एप्रनमध्ये दिसला आणि मी हसले. तीही हसली. मग तिचे डोळे भरले, आणि ती चिडून म्हणाली, “हसू नकोस. रेकॉर्ड एकदा निघाली की तेच खरं गाणं होतं. मग मी कुठेही गायले तरी लोक म्हणणार, बघा, नवऱ्याचं गाणं गातेय.”

“त्याला सांग.”

“सांगितलं.”

“मग?”

“म्हणाला, बॅन्जो बसत नाही.”

मेळ्याच्या दिवशी दुपारचं ऊन असं होतं की घडीच्या खुर्च्यांवर बसवत नव्हतं. लोक सावलीतून सावलीत सरकत होते. मुलांच्या हातात बर्फाचे गोळे, बायकांच्या हातात पुठ्ठ्याचे पंखे. स्टेज म्हणजे एका ट्रकची उघडी पाठ, मागे जनरेटर गुरगुरत होता. मी साडी नेसले होते, का कोण जाणे. तिचा मान म्हणून असेल. हे म्हणाले, लोक बघतायत. म्हटलं, बघू दे.

हॅस्किन ब्रदर्सचं नाव पुकारलं. चौघं चढले. रॉयनं हॅट सरळ केली आणि पहिल्या सुरासाठी गिटारवर हात उचलला. तेवढ्यात लॉरीन चालत मधोमध आली. कडेला नाही, अगदी मधोमध. रॉयला वाटलं असणार, माईक नीट करतेय. ती नुसती उभी राहिली. तिनं मान जराशी जनरेटरच्या बाजूला कलती केली, आणि मला कळलं ती काय शोधतेय. गुरगुराटाच्या खालचा सूर. तो सापडला तसं तिनं तोंड उघडलं.

वाद्याशिवाय. एकटी. स्वतःच्या पट्टीत.

पहिल्या ओळीला लोकांना कळलं नाही काय चाललंय. दुसऱ्या ओळीला पंखे थांबले. फिडलवाल्यानं गज उचलला, तो सूर धरणारच होता. रॉयनं मान हलवून त्याला थांबवलं. तिघंही वाद्यं हातात धरून तिच्यामागे उभे, लग्नात मानपान चुकलेल्या मामांसारखे. क्लाइडच्या खिशात चिमटी होती. मला माहीत आहे, होती. सगळं गाणं होईपर्यंत त्याचा हात खिशाकडे गेला नाही. तिसऱ्या ओळीत आवाज वर गेला आणि तिथे थांबला, गिरणीत थांबायचा तसाच. फक्त आज त्याच्यावर खडखडाट नव्हता. अख्खं मैदान त्याच्याखाली उभं होतं. माझ्या शेजारची एक गोरी म्हातारी, ओळख ना पाळख, माझा हात धरून बसली.

गाणं संपलं आणि कुणी टाळी वाजवायच्या आत निवेदकानं माईक घेतला. “वेल फोक्स, हॅस्किनांच्या घरची भांडणं आज स्टेजवर आलेली दिसतायत!”

लोक हसले.

मी खूप वर्षं जगले आहे. लोक माझ्या इंग्रजीला हसले, माझ्या डब्याला हसले, माझ्या गाडी पार्क करण्याला अजून हसतात. ते सगळं मी विसरले. ते हसणं विसरले नाही. चांगली माणसं होती ती, उन्हात बसलेली, अर्ध्याअधिकांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी हसली. कारण पाण्याचं काय करायचं हे कळत नव्हतं आणि हसायचं कसं हे त्या माणसानं दाखवलं. परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं. नियम असा की बँडनं वाजवायला हवं. हे धरता येणार नाही, दुसरं गाणं घ्या.

रॉय पुढे आला. हसतमुखानं म्हणाला, “घरी जाऊन मला काय मिळणार आहे ते तुम्हाला ठाऊकच आहे!” पुन्हा हशा. मग गिटार वाजली, त्याच्या पट्टीत, बॅन्जो सुटला, आणि गाण्याचा दुसरा चरण येताच लॉरीन खांदा वाकडा करून कडेनं माईकपाशी आली, त्याच्या सुरावर आपला वरचा सूर ठेवला, आणि मागे सरली. बिनचूक.

मला त्या क्षणी तिचाही राग आला. हो, तिचाही.

सोमवारी मशीन सुरू करायच्या आधी मी विचारलं, “परत कशाला गेलीस साथीला?”

“मी नाही गेले. पाय गेले.” तिनं मोज्यांचा गठ्ठा ओढला. मग म्हणाली, “तू ऐकलंस ना?”

“ऐकलं.”

“मग बस झालं.”

मला बस झालं नाही. तेव्हा नाही, अजून नाही.

रेकॉर्ड निघाली. पानगळीत काढली, आणि त्यात ते गाणं रॉयच्या आवाजात, रॉयच्या पट्टीत, लिहिणारा रॉय हॅस्किन. लॉरीन कुठेतरी वर, लांब, खिडकीबाहेरच्या पाखरासारखी. वेष्टनावर फोटो हवा म्हणून फ्लोरिडाचा भाऊ बोलावला. ज्या माणसानं कैक वर्षांत तारेला हात लावला नव्हता, त्याच्या हातात लॉरीनची मँडोलिन दिली. ब्रदर्स म्हटल्यावर ब्रदर्स दिसायला हवेत ना. फोटो काढताना मी तिथे होते, शेंगांची परात घेऊन पायरीवर. फोटोवाल्याच्या मागे लॉरीन उभी, तिच्या हातावर चौघांचे कोट. रॉय म्हणाला, “हनी, जरा हसायला लाव ना ह्यांना.” आणि तिनं लावलं. त्या फोटोत ते चौघं हसतायत ते तिच्याकडे बघून.

पुढचं आयुष्य चार ओळींत मावतं, हाही रागच. ती चर्चमध्ये गायली, लग्नांत गायली, दुसऱ्यांच्या मयतांना गायली. मेळ्यांत रॉयच्या कडेनं गात राहिली, तो थकेपर्यंत. गिरणी बंद पडली, यंत्रं जहाजात घालून कुठे दूर गेली. आम्ही कॅरीला आलो. दर ऑगस्टात ती मला शेंगांची पिशवी घेऊन भेटायला यायची, आणि स्वयंपाकघरात, फ्रिजची मोटर चालू झाली की, कधीकधी मान कलती करायची. तेवढंच. रॉय तिच्या आधी गेला. मग ती गेली, काही वर्षांपूर्वी, अशाच दिवसांत. तिच्या मयताला आम्ही दोघं गेलो. छोट्या चॅपलमध्ये फुलं, पंखा, ओळीनं बसलेली तीच माणसं, म्हातारी झालेली. पाद्री म्हणाला, आता लॉरीनचं आवडतं गाणं. आणि भिंतीवरच्या डब्यातून रॉयचा आवाज यायला लागला.

तिच्या आईचा एप्रन. तिच्या मयताला. त्याच्या पट्टीत.

ह्यांनी माझा हात घट्ट धरला. त्यांना वाटलं मी रडणार. माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हता. हे कानाशी हळूच म्हणाले, “त्या दिवशी तू चिमटीचं बोललीस ते बरोबर होतं गं.” एवढ्या वर्षांनी! मी त्यांच्याकडे बघितलं. बोटं सरकवायला माणसांना केवढा वेळ लागतो.

परवा शनिवारी आमच्याच बेसमेंटमध्ये गणपतीची प्रॅक्टिस होती. खाली सतरंज्या, वर चहाचा रगाडा. पेटीला शिरीष, फार्मा कंपनीतला, गुणी मुलगा, मला काकू म्हणतो. त्याची जोडीदार मंडळी टाळांना. सगळ्यांच्या मध्ये अन्वी, शाळकरी पोर, इथेच जन्मलेली. मराठी बोलताना अडखळते, गाताना नाही. मुख्य अभंग तिनं म्हणायचा ठरलं होतं. शिरीषनं पेटी उघडली आणि काळी एक धरली.

पोर गायला लागली. खाली उतरताना आवाज विझला. ओठ हलत राहिले. मी वरून चहाचा ट्रे घेऊन जिन्यावर उभी.

“शिरीष, तिची पट्टी नाही ही,” मी म्हटलं.

“काकू, काळी एक सगळ्यांना सोयीची पडते ना. कोरसला पण.”

“सगळ्यांना म्हणजे कुणाला?”

शिरीष हसला. टाळवाले हसले. प्रेमानंच. “काकू, आज चहात साखर कमी पडली का?”

अन्वीनं पटकन केस कानामागे घेतले. “इट्स फाईन, काकू. आय कॅन डू इट लोअर. इट्स रिअली फाईन.”

इट्स फाईन. ती हे म्हणाली नसती तर मी कदाचित ट्रे ठेवून वर गेले असते. चहा देऊन. आणि शेगडीचं बटण बघितलं असतं.

“फाईन नाहीये,” मी म्हटलं. ट्रे जिन्यावरच ठेवला. गुडघे कुरकुरत होते, तरी सतरंजीवर बसले, शिरीषला म्हटलं सरक, आणि पेटी माझ्याकडे ओढली. मला पेटी येत नाही. मी आयुष्यात एकही गाणं वाजवलेलं नाही. पण काळी चार कुठे असते ते मला माहीत आहे. बोट तिच्यावर दाबलं आणि दुसऱ्या हातानं भाता हलवायला लागले. सूर सुरू झाला. नुसता एकच. न तुटणारा.

“काकू, पण कोरस...”

“कोरस येईल वर. नाहीतर गप्प बसेल. बसून बघू दे एकदा.”

अन्वी माझ्याकडे बघत होती. मी मान जराशी पेटीकडे कलती केली, असं ऐक म्हणून. तिनं ऐकलं. तोंड उघडलं. पहिल्या ओळीला बेसमेंटमधली टाळांची किणकिण थांबली, आणि खाली उतरताना आवाज विझला नाही. तळाशी पोचला आणि तिथे पाय रोवून उभा राहिला.

“काकू,” शिरीष हळूच म्हणाला, “असं किती वेळ धरून बसणार?”

माझं बोट दुखायला लागलं होतं. खिडकी उघडी होती. मी भाता हलवत राहिले.